तुम्ही विचारलंत म्हणून: हनुक्काच का?

“शब्बाथला, शनिवारच्या प्रार्थनेला, सिनेगॉगमध्ये फिरकत नाहीस, आणि हनुक्का, तो दिव्यांचा सण, मात्र आठही रात्री? तोही आपल्या पूर्वजांना ठाऊक नसलेला?” लग्नात विचारून झालं, मलिद्याच्या ताटाशी विचारून झालं, एकदा तर ठाण्याच्या फलाटावर लोकल येत असताना. दरवेळी हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगतो.

ठाऊक नव्हता, खरंय. कोकणात आपल्या बेने इस्राएल यहुद्यांकडे नव्याचा सण होता, खिरीचा होता, बिरड्याचा होता. हनुक्का फार मागाहून शिकवला गेला. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव ज्यांना शनवार तेली म्हणायचं, त्यांनाच तेलाचा सण माहीत नव्हता! मला याची लाज नाही, गंमत वाटते.

पण माझं कारण ते नाही. पप्पांना जाऊन वर्ष झालं त्या सकाळी मी साडेसहाला सिनेगॉगमध्ये होतो. कडिशला, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या प्रार्थनेला, दहा पुरुष हवेत. सात वाजता आम्ही सहा, साडेसातला नऊ. शमाश, सिनेगॉगची व्यवस्था बघणारा, फोन लावत होता. बाहेर रिक्षा थांबली की नऊच्या नऊ माना दाराकडे वळायच्या. एकदा तर दूधवाला निघाला. आठला एक काका घड्याळ बघत उठले, कामावर जायचं होतं बिचाऱ्यांना. “पुढच्या शब्बाथला म्हणू,” कोणीतरी म्हणालं. मी तलेथची, प्रार्थनेच्या शालीची, घडी घातली. ती नीट बसेना, तीनदा घातली. घरी जाताना नाक्यावर उभ्याने वडापाव खाल्ला आणि इस्राएलला गेलेल्या तिन्ही चुलत्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्यानंतर सहा वर्षं मी गेलो नाही. पप्पांसाठी दहा माणसं न जमवू शकणाऱ्या देवाशी मला बोलायचं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, दहावा का आला नाही? अहो, कितीतरी शनिवारी तो न आलेला दहावा मीच होतो. शमाशचा फोन यायचा आणि मी “ऑफिस आहे” म्हणायचो. शनिवारी मला सुट्टी असायची. कुणाच्या बापाचं कडिश माझ्यामुळे राहिलं असेल, मी कधी विचारलं नाही. म्हणून राग खोटा होता का? तसंही नाही.

हनुक्काच्या दिव्यांना दहा माणसं लागत नाहीत, एवढंच सुरुवातीला मला पुरलं. दिवाळीतल्या उरलेल्या पणत्या, खोबरेल, खिडकी. बाकीच्या पणत्या जिने लावायच्या, तिलाही शमाशच म्हणतात; ती उपड्या वाटीवर, जरा उंच. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, हे जुन्या काळच्या हिल्लेल गुरूंच्या मंडळींचं मत. त्यांच्याशी वाद घालणाऱ्या शम्माय गुरूंची मंडळी म्हणायची, आठपासून उतरत या. आपली माणसं, आपली सिनेगॉगं मोजत बसलो की मला शम्मायचंच पटतं. लावतो मात्र हिल्लेलप्रमाणे.

एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, त्या हनुक्काच्या चमत्कारापेक्षा मला मक्काबींच्या पहिल्या ग्रंथातली एक गोष्ट जवळची वाटते. इ.स.पूर्व 164 मध्ये यहूदा मक्काबीच्या लोकांनी जेरुसलेमचं मंदिर परत घेतलं. वेदी ग्रीक राजा अँटिओकसच्या काळात बाटली होती, म्हणून ती पाडली आणि नव्या, न घडलेल्या दगडांची बांधली. जुन्या दगडांचं काय करायचं ते कुणालाच कळेना. फेकवेनात, वापरवेनात. मग मंदिराच्या टेकडीवरच एका बाजूला ठेवून दिले, कोणी नबी येऊन सांगेपर्यंत. आपल्या घरात वाढलेल्याला तो नबी, आपण ज्याच्या नावाने मलिदा करतो तो एलियाहूच वाटणार. पूजा मात्र नव्या वेदीवर त्याच महिन्यात सुरू झाली, दगडांचा निकाल लागायची वाट बघत कुणी थांबलं नाही. ती सकाळ मीही तशीच बाजूला ठेवली आहे. माफ केलंय असं समजू नका.

दिवे लावल्यावर शेमा, देव एकच असं सांगणारी प्रार्थना, म्हणतो, कधी अर्धवट. बायको म्हणते, पुटपुटतोस काय, मोठ्याने म्हण.

परवा शमाशचा फोन आला. “नऊ आहेत,” म्हणाला. मी “बघतो” म्हणालो, आणि तलेथ कुठल्या कपाटात आहे ते बायकोला विचारलं. तिलाही आठवेना.