वैनगंगेत हॉवरक्राफ्ट चालेल का?

उन्हाळ्यात कुलर आणि बाकी वर्षभर मोटारींचं रिवाइंडिंग, हा माझा धंदा. त्यामुळे हॉवरक्राफ्टचा, म्हणजे खाली हवा दाबून पाण्यावरून-जमिनीवरून तरंगत जाणाऱ्या वाहनाचा, व्हिडिओ लावला की माझी नजर आधी पंख्यावर जाते.

कुलरचा पात्यांचा पंखा हवा भरपूर फेकतो, पण हवेला वाट नसली की ढेपाळतो. मे महिन्यात खिडक्या-दारं लावून बसलेलं गिऱ्हाईक "भाऊ, कुलर हवाच फेकत नाही" म्हणून फोन करतं, ते यामुळेच. दाब पाहिजे असेल तर गोल डब्यातला ब्लोअर बरा. मोठ्या हॉवरक्राफ्टमध्ये हवा खाली दाबायला बहुधा तसलेच पंखे असतात. पुढे ढकलायला मागे वेगळा पंखा.

गंमत म्हणजे दाब फारसा लागतच नाही. वातावरणापेक्षा एक टक्का जास्त दाब असला, की एक चौरस मीटर जागा शंभर किलो उचलते. ट्रॅक्टरच्या चाकात भरतो ती हवा याच्या जवळपास शंभरपट दाबाची. म्हणून बैल रुतेल अशा गाळावरूनही हे धूड सरकत जातं.

खरी अडचण गळतीची. कडेची फट वाढली की हवा पळाली आणि डिझेल वाढलं. क्रिस्टोफर कॉकरेल या इंग्रज इंजिनिअरने 1955 मध्ये पत्र्याचे दोन डबे एकात एक ठेवून मधल्या फटीतून हवा सोडून पाहिली, तेव्हा उचल वाढली. 1959 मध्ये त्याच्या यंत्राने इंग्लिश खाडी ओलांडली. पण त्याला लाटा झेपत नव्हत्या. मग खाली रबरी कापडाचा घेर आला. त्याच्या खालच्या कडेला सुटी 'बोटं' असतात. एक फाटलं तरी बाकीची बोटं हवा धरून ठेवतात. माझ्या मते सगळ्यात डोक्याचं काम हेच.

पुढे या खाडीवर माणसांसोबत मोटारगाड्याही नेणारी हॉवरक्राफ्ट 1968 पासून 2000 पर्यंत चालली. आपलं तटरक्षक दल उथळ, चिखलाच्या किनाऱ्यांवर गस्तीला ती वापरतं.

2020 मध्ये ऑगस्टअखेर वैनगंगेचं पाणी भंडाऱ्यात शिरलं, तेव्हा हे असतं तर, असं वाटणं साहजिक आहे. मला नाही पटत. याला रस्त्यावर पकड नसते, वारा आला की आडवं सरकतं, ब्रेक नाही. गल्लीत विजेचे खांब, तारेची कुंपणं, बाभळी. तिथे साधी रबरी बोटच बरी. आणि आवाज एवढा की माडीवरून कोणी हाक मारली तर ऐकू यायची नाही.

एप्रिलातलं पात्र मात्र याच्याच कामाचं. थोडं पाणी, मग रेती, मग गाळ, पुन्हा पाणी. नाव अडकते, ट्रॅक्टर रुततो.

दुरुस्तीची चिंता नको. बेरिंग, बेल्ट, पात्यांचं बॅलन्सिंग मी करून देईन. घेर शिवायला ताडपत्रीवाला गाठावा लागेल.