न जुळणारे नंबर

इंदूरमध्ये छावणीजवळ माझे जुन्या मोटारसायकलींचे वर्कशॉप आहे. गेल्या पावसाळ्यात रामबागेतले एक निवृत्त काका त्यांच्या वडिलांची बीएसए एम 20, म्हणजे बीएसए या ब्रिटिश कंपनीची जुनी लष्करी मोटारसायकल, टेम्पोत घालून घेऊन आले. वडिलांनी ती महूच्या लष्करी लिलावात घेतली होती आणि ते गेल्यापासून ती ओसरीत ताडपत्रीखाली उभी होती. गाडीबरोबर काकांनी एक नवाकोरा कार्बोरेटर आणि एका एजंटाने लिहून दिलेली चिठ्ठी आणली होती. इंजिनाचा आणि फ्रेमचा नंबर जुळत नाही, सबब इंजिन दुसऱ्या गाडीचे आहे, तेव्हा इंजिनावरचा नंबर घासून तिथे फ्रेमचा नंबर ठोकून घ्यावा, म्हणजे व्हिंटेज नोंदणीला अडचण येणार नाही, असे त्या चिठ्ठीत लिहिले होते.

"एवढे पंचिंग आजच करून द्या," काका म्हणाले. वडिलांच्या गाडीत परके इंजिन आहे, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती, हे त्यांच्या आवाजावरून कळत होते.

2021 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाल्यापासून पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूप टिकवलेल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. त्यामुळे अशा गाड्या घेऊन येणारी माणसे वाढली, तसे असले सल्ले देणारेही वाढले. मी काकांना चहा दिला आणि कामाला हात घालण्याआधी तासभर मागून घेतला.

सिलिंडरच्या बुडाशी, क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या ओतीव पेटीच्या) डाव्या अंगाला तेल आणि धूळ यांचा दगडासारखा थर चढला होता. त्या जागी तारेचा ब्रश लावायचा नसतो; ब्रशाने अक्षरांच्या कडा गोल होतात आणि मग खरा ठसा ओळखणे कठीण जाते. मी रॉकेलात भिजवलेली चिंधी वीस मिनिटे तिथे दाबून ठेवली आणि बांबूच्या काडीने मळ उकरला. हळूहळू 'डब्ल्यूएम 20' ही अक्षरे आणि त्यापुढचे आकडे वर आले. एक आकडा किंचित तिरका होता आणि एक बाकीच्यांपेक्षा खोल गेला होता, कारण हे ठसे एकेक करून हातोडीने मारलेले असत. आकड्यांच्या भोवती ओतीव धातूचा मूळ खरखरीतपणा जसाच्या तसा होता. कानस फिरलेली जागा गुळगुळीत आणि थोडी खोलगट लागते. तसे इथे बोटाला कुठेही जाणवले नाही.

मग मी काकांना समजावून सांगितले. बीएसए त्या काळी इंजिनांना आणि फ्रेमना स्वतंत्र मालिकांतले नंबर देत असे. दोन्हींची सुरुवात 'डब्ल्यूएम 20' अशीच असली, तरी पुढचे आकडे जुळावेत अशी अपेक्षाच नव्हती. शिवाय दुसऱ्या महायुद्धात सैन्याला सुमारे सव्वा लाख एम 20 पुरवल्या गेल्या आणि लष्करी वर्कशॉपांत दुरुस्तीच्या वेळी इंजिने सर्रास बदलली जात. उलट एखाद्या एम 20 वर दोन्ही नंबर तंतोतंत सारखे दिसले, तर मला आधी संशय येतो.

काकांनी पिशवीतून पिवळी पडलेली नोंदणी पुस्तिका काढली. ती मध्यभारत राज्याच्या काळातली, म्हणजे 1956 च्या आधीची होती. तीत शाईने लिहिलेले दोन्ही नंबर आणि धातूवरचे दोन्ही नंबर आम्ही एकेक आकडा मोठ्याने वाचून ताडून पाहिले. चारही नोंदी जुळल्या. तो नंबर घासला गेला असता, तर कागद आणि गाडी यांचा संबंधच तुटला असता आणि कायद्याचे झेंगट मागे लागले असते ते वेगळेच. काका बराच वेळ त्या पानावरून बोट फिरवत राहिले.

नव्या कार्बोरेटरचा निकाल लवकर लागला. तो अमल या ब्रिटिश कंपनीच्या मोनोब्लॉक नावाच्या कार्बोरेटरची नक्कल होता. मोनोब्लॉक 1955 च्या सुमारास आला आणि त्यात फ्लोटची वाटी, म्हणजे पेट्रोल साठवणारी छोटी वाटी, मुख्य अंगातच ओतलेली असते. एम 20 ला अमल 276 हवा; त्याची वाटी वेगळी असून बाजूला जोडलेली असते. काकांच्या पोत्यात भंगार म्हणून टाकलेला जुना कार्बोरेटर निघाला, त्याच्या अंगावर 276 हा आकडा स्पष्ट होता. नवा परत करा, असे मी सांगितले.

मला खरा त्रास झाला तो मागच्या मडगार्डाच्या स्टेमध्ये, म्हणजे मडगार्ड धरून ठेवणाऱ्या आधारपट्टीत. तिथे कोणीतरी 8 मिलिमीटरचा बोल्ट जोर लावून घुसवला होता. मूळ बोल्ट 5/16 इंची, म्हणजे 7.94 मिलिमीटरचा; जाडीतला फरक नजरेला दिसतच नाही. पण जुन्या ब्रिटिश गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या सायकल थ्रेडचे आटे इंचाला 26 आणि या मेट्रिक बोल्टचे जेमतेम 20. दोन फेरे सरळ जातो, तिसऱ्यापासून आतले आटे कापत जातो. बोल्ट काढला तेव्हा त्याच्या आट्यांत लोखंडाची बारीक तार गुंडाळलेली होती. ते भोक भरून पुन्हा आटे पाडायला संध्याकाळ झाली.

रंगकाम महिनाभराने झाले. क्रँककेसवरच्या नंबर असलेल्या त्या दोन बोटे रुंद पट्टीला आम्ही ना पॉलिश लावले ना लॅकर. तिथे फक्त तेलाचा हात फिरवला.