जोडवं आणि वीस डेनियर

जगात जर्मनी, भारतात परभणी अशी आमच्याकडं म्हण आहे, तर मागच्या डिसेंबरात ती जर्मनीच परभणीत आली, म्हणजे तिकडं राहणारी माझी आत्तेबहीण आली आणि येताना माझ्यासाठी टाइट्सची, म्हणजे कमरेपर्यंत चढवायच्या तंग मोज्यांची, तीन पाकिटं घेऊन आली. एकावर 20, दुसऱ्यावर 60, तिसऱ्यावर 120. मला वाटलं साइज असेल, म्हणलं 120 कुणाच्या मापाचं आणलंस बाई!

ते डेनियर असतं म्हणे. त्याचा अर्थ मला तिनं नाही सांगितला, जालन्याला कोष विकायला नेणाऱ्या माझ्या मावसभावानं सांगितला, त्याची तुतीची बाग आहे. नऊ हजार मीटर धागा घ्यायचा आणि वजन करायचं, जेवढे ग्रॅम भरतील तेवढे डेनियर. नऊ किलोमीटर म्हणजे आमच्या घरापासून मामाच्या मळ्यापर्यंत धागा अंथरला आणि गुंडाळून काट्यावर ठेवला तर वीस ग्रॅम. रेशमाच्या एका कोषातून हजारेक मीटर तार निघते आणि ती अडीच-तीन डेनियरचीच असते, त्यामुळं वीस ऐकून तो म्हणला, "जाडच की गं मग!"

जाड कसलं. वहिनीच्या भावाच्या रिसेप्शनला मरून वनपीस घालायचा होता, त्याच्याखाली ते वीसवालं काढलं. पलंगावर बसून हळूहळू चढवत होते तर उजव्या पायाच्या जोडव्यात अडकलं, उलीसं ओढलं आणि बोटापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेघ गेली, शिडीसारखी, वर वर चढतच चालली. विणकाम असतं ना ते, एक टाका तुटला की त्या ओळीतले सगळे एकामागं एक सुटतात. नेलपेंटचा थेंब लावला तेव्हा कुठं थांबली, नशीब पारदर्शक होतं, लाल असतं तर रिसेप्शनभर ड्रेसिंग केल्यासारखं दिसलं असतं. आजेसासूबाई दारातून बघत होत्या. म्हणल्या, "काय गं माय, कांद्याचा पापुद्रा गुंडाळलीस का पायाला?"

तेव्हापासून माझा नियम, वीसचं असेल तर आधी जोडवी काढायची किंवा वर पातळ सॉक्स चढवून मग घालायचं आणि टाचांना दोन दिवस आधीपासून व्हॅसलिन. आपल्याकडच्या हिवाळ्यात टाचेला ज्या भेगा पडतात त्या जोडव्यापेक्षा वाईट. अन् ते स्किन कलर नावाचं प्रकरण नेमकं कुणाच्या स्किनचं असतं देव जाणे, माझ्या पायावर तर कॅलामाइन फासल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा काळं घ्यावं. काळं वीस धुरकट दिसतं, लग्नाकार्याला छान, आणि काळं साठ आखूड कुर्त्याखाली, डेनिमच्या स्कर्टखाली, कशाखालीही चालतं, फक्त साइज एक नंबर मोठा घ्यायचा, नाहीतर मांडीवर ताणून साठचं तिसासारखं दिसतं आणि घोट्यापाशी मात्र पूर्ण काळं.

120 चं मी जानेवारीत सकाळी फिरायला घातलं. परभणीची थंडी काय असते हे पेपरात कृषी विद्यापीठाचा आकडा वाचणाऱ्यांना माहितीय, सहा वाजता 120 सुद्धा कमीच वाटलं, पण तसंच ऑफिसला गेले आणि अकरा वाजेपर्यंत पायांची हुरड्याची आगटी झाली. जर्मनीत थंडी दिवसभर थंडीच राहते, आपल्याकडं सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा. त्यामुळं आपल्याला साठच बरं.

आणि उन्हाळ्यात पातळ घालायचं हे तर आपल्याकडं पूर्ण उलटं. मे महिन्यात 43 डिग्रीत स्कुटीवरून जायचं तर सनकोट, स्कार्फ, हातमोजे आणि पायात अंगठ्याचे सॉक्स असा अवतार करावाच लागतो, तिथं वीसचं जाळं घालून काय होणार, ताणलं की टाके अजून उघडतात आणि ऊन थेट आत. उन्हाळ्यात आपली सुती लेगिंगच, तिचं डेनियर बिनियर कुणी सांगत नाही, जीएसएम सांगतात, एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅम. पांढरी किंवा क्रीम असेल तर 220 च्या खाली मी बघतच नाही. दुकानदार ट्यूबलाइटखाली दाखवतो, "ताई, बिलकुल आरपार नाही," मी म्हणते, "दादा, जरा दारात नेऊन बघते," आणि आत मूठ घालून ताणून उन्हात धरते. बोटांच्या पेरा दिसल्या की परत.

पावसाळ्यात मात्र सुती नको, वाळत नाही. काळ्या मातीचा चिखल पोटरीपर्यंत उडतो, तेव्हा काळं नायलॉन, साठचं, रात्री खळबळून टाकलं की सकाळी कोरडं.

त्या फाटलेल्या वीसवाल्याचं काय झालं ते राहिलंच. नायलॉनचे लांब मोजे 1940 च्या मे महिन्यात अमेरिकेत देशभर विकायला आले होते, मग अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि तेच नायलॉन पॅराशूटला गेलं असं वाचून मी घरात सांगत होते. आजी ऐकत होत्या की नाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर दोन किलो लसूण त्यात भरून स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगलेला, गड्डा निघाला की खाली एक गाठ. जोडव्याला हरलेलं ते टाइट्स होळी आली तरी लसूण सांभाळून होतं.