आमची वाटचाल: रुमालापासून काट्यापर्यंत

धुळे जिल्ह्यातल्या आमच्या माळमाथ्यावर बोकड किलोवर विकायची रीत नव्हती. बाजारात व्यापारी यायचा, बोकडाच्या कमरेवर अंगठा दाबायचा, शेपटीच्या मुळाशी मांस चाचपायचा आणि रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव सांगायचा. माझे वडील आयुष्यभर त्या रुमालाखाली हात देत आले. घरी आल्यावर आई विचारायची, किलोला काय पडलं? वडील म्हणायचे, ते त्यालाच ठाऊक.

मी पहिल्यांदा टांगायचा काटा आणला आणि बाजाराला निघायच्या आधी आमच्याच गोठ्यातला एक बोकड तोलला. 26 किलो भरला. बाजारात व्यापाऱ्याने तोच बोकड एकवीसचा धरला. पाच किलो रुमालाखाली गेले. हा हिशोब मी त्या रात्री पारावर मांडला आणि आमच्या संस्थेची सुरुवात तिथे झाली. नोंदणी, सही-शिक्का हे सगळं नंतरचं.

शेतकरी उत्पादक कंपनीचा कायदा 2002 सालापासून आहे आणि त्याला दहा उत्पादक पुरतात. आम्ही दहा जण 2013 मध्ये जमलो. कुणी ठेलारी, कुणी भिल्ल, कुणी मराठा, कुणी माळी, पण प्रत्येकाच्या दारात शेळ्या. ठरवलं ते एवढंच: बोकड जिवंत विकायचा नाही, मटण विकायचं. धुळ्याहून मुंबईच्या देवनार कत्तलखान्यापर्यंत तीनशेहून जास्त किलोमीटर ट्रकमध्ये उभं राहून जनावर वजन गाळतं, आणि ती घट कापून घेतली जाते मालकाच्या पैशातून. मग कत्तलखाना इथेच का नको?

जागा, ग्रामपंचायतीचा ठराव, पाण्याची सोय, सांडपाण्याची टाकी, बँक यात तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत मला कुणी किती वेळा 'उद्या या' म्हटलं ते लिहीत बसलो तर पानं पुरणार नाहीत.

नवीन प्रकल्प काढणाऱ्यांना मात्र एक सांगून ठेवतो. इमारतीचा नकाशा इंजिनिअरला काढायला देण्याआधी 2001 चे कत्तलखान्याचे नियम स्वतः वाचा. तपासणी झाल्यावर जनावराला कापण्याआधी 24 तास विश्रांती द्यावी लागते आणि त्या वाड्यात प्रत्येक लहान जनावराला 1.6 चौरस मीटर जागा लागते. आम्ही दिवसाला 30 बोकडांचा हिशोब धरला होता, म्हणजे 48 चौरस मीटर. आमच्या पहिल्या नकाशात त्याच्या निम्मीही जागा नव्हती. शिवाय पशुवैद्यक तासाला 12 पेक्षा जास्त आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरं तपासू शकत नाही. गाभण शेळी चालत नाही, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू चालत नाही. लोकांना हे कागदी घोडे वाटतात. मला वाटत नाहीत. चालून, भेदरून आलेला बोकड लगेच कापला तर मटण काळपट पडतं आणि टिकत नाही. विश्रांती घेतलेल्याचं तसं होत नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलेला माणूस पुन्हा वाद घालत नाही.

आता चाचांबद्दल. चाचा पिढीजात खाटीक. आमच्या दहा जणांत ते नव्हते, कारण त्यांच्याकडे शेळ्या नव्हत्या. पण त्यांच्याशिवाय आमचा एक दिवस निघाला नसता. मुलं दुसऱ्या कामाला लागली होती, दुकान बंद करायच्या बेतात होते. मी गेलो तेव्हा ते चिंचेच्या ठोकळ्यावर मीठ चोळत होते. म्हणाले, मशीन तुमचं, हात माझा. पगार ठरवला नाही, नंतर ठरवू म्हणाले.

चाचांकडे तीन हत्यारं होती. एक सत्तूर, एक हाडातून मांस सोडवायची अरुंद सुरी आणि एक सोलायची, टोकाला किंचित वर वळलेली, धार लावून लावून निम्मी झिजलेली. सोलायची सुरी ते फक्त पायाच्या सांध्यापाशी आणि पोटाच्या रेषेवर वापरायचे. तिथून पुढे सुरी तोंडात धरायची आणि मूठ कातडं आणि मांस यांच्या मधे घालून ढकलत न्यायची. मुठीखाली कातडं सुटत जातं त्याचा ओला, फाटल्यासारखा आवाज येतो. कातड्याला सुरीचा एक चरा नाही, मांसावर एक केस नाही. आमच्या पोरांना हे जमायला आठ महिने लागले. सुरी तोंडात धरायची सवय मात्र आम्हाला मोडावी लागली, स्वच्छतेच्या तपासणीत ती बसत नाही. चाचांनी एका शब्दाने वाद न घालता कमरेला म्यान बांधलं. चिंचेचा ठोकळाही आत घेता आला नाही. लाकडात रक्त मुरतं, म्हणून प्लास्टिकचे पांढरे पाट आले. ठोकळा चाचांनी फाटकाशी आणून ठेवला आणि दुपारची भाकरी ते त्यावर बसून खायचे.

आता 2017 सालाबद्दल. ते लिहायचं म्हणूनच मी हे लिहायला बसलो.

त्या उन्हाळ्यात तक्रारी सुरू झाल्या. सुरत रस्त्यावर कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे आमच्या आक्कांचा ढाबा आहे. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने तो उभा केला. काळ्या मसाल्याचं मटण आणि कळण्याची भाकरी, ट्रकवाले तिथे मुद्दाम थांबतात. आक्का पहिल्या दिवसापासून आमच्याकडून माल घेत होत्या. एका सकाळी त्यांचा फोन आला, "जिभाऊ, तुमनं मटन चिवट शे. दोन शिट्ट्या जास्ती लागतस." मी म्हटलं, बोकड कोवळे आहेत, मी स्वतः दात पाहतो. त्या म्हणाल्या, दात तुम्ही बोकडाचे पाहता, मी गिऱ्हाइकाचे पाहते.

आमचे पशुवैद्यक डॉक्टर तरुण. त्यांनी परभणीच्या कॉलेजातल्या वह्या काढल्या आणि चूक सापडली. आम्ही कापल्यावर अर्ध्या तासात धड चिल रूममध्ये 2 अंशांवर टांगत होतो. जितकं लवकर थंड तितकं चांगलं, असं आम्हाला मशीन विकणाऱ्याने सांगितलं होतं. पण बोकडाच्या अंगावर चरबीचा थर पातळ. धड झपाट्याने गार होतं आणि स्नायू कडक होण्याआधीच 10 अंशांखाली गेला की आखडतो तो आखडतोच. मग कितीही शिजवा. उपाय सोपा होता: मधल्या खोलीत 15 अंशांवर आधी काही तास टांगायचं, पहिल्या दहा तासांत मांस 10 अंशांखाली जाऊ द्यायचं नाही, मग चिल रूम. पण हे कळेपर्यंत दोन महिने गेले आणि नाव खराब व्हायला दोन महिने पुष्कळ झाले.

आणि ते नेमकं त्याने हेरलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. मुंबईला गाड्या भरणारा मोठा व्यापारी, एवढंच पुरे. आमच्यामुळे माळमाथ्यावरचा त्याचा रुमाल सुटला होता. आषाढ लागला तसा तो आमच्या सभासदांच्या दारात उभा राहायला लागला. किलोमागे आमच्यापेक्षा 40 रुपये जास्त आणि तेही हातात रोख. वर प्रत्येक घरी एकच वाक्य: यांचं बर्फातलं मटण कोण खातंय, कंपनी दिवाळी पाहत नाही.

गटारीच्या आठवड्यासाठी आम्ही धुळे आणि नाशिकच्या हॉटेलांना दिवसाला 30 बोकडांचा शब्द दिला होता. वर्षभराची कमाई त्या आठवड्यात. पहिल्या दिवशी 11 बोकड आले, दुसऱ्या दिवशी सात. 23 जुलैला, ऐन गटारीच्या दिवशी, वाड्यात चार बोकड होते आणि ते चारही माझे होते. संचालक मंडळातल्या दोघांनी त्याला माल दिला. त्यांच्या दारातून गाडी भरून निघताना मी डोळ्यांनी पाहिली. दोघे आजही सभासद आहेत आणि सभेत माझ्या शेजारी बसतात.

श्रावण लागल्यावर त्याने भाव आमच्यापेक्षा खाली आणला. मग लोक परत आले. पण तोवर हॉटेलवाले गेले होते, बँकेचे दोन हप्ते थकले होते आणि कंप्रेसर रिकाम्या खोल्या थंड करत वीज खात होता. पोरांना पगार नव्हता. संस्था गुंडाळायचा विषय सभेपुढे आला.

सभासदांवर मी फार चिडलो होतो, अजूनही पूर्ण निवळलो नाही. पण एक गोष्ट मला त्या वेळी मान्य करावी लागली. आम्ही पैसे बँकेत पंधरा दिवसांनी टाकायचो. शेळीवाला बोकड विकतो तो पोराची फी, दवाखाना, बियाणं समोर उभं राहिल्यावर. त्याला त्याच संध्याकाळी पैसे हवे असतात. व्यापाऱ्याने 40 रुपये दिले त्यापेक्षा रोख दिले याने आमची माणसं गेली. तुम्ही संस्था काढणार असाल तर मशीन एक कमी घ्या, पण संध्याकाळी वाटायला रोकड ठेवा.

रोकड आमच्याकडे कुठे होती? आक्का आल्या. ढाब्यामागे पक्की खोली बांधायला त्यांनी दीड लाख जमवले होते. ते पदरात बांधून आणले होते, अक्षरशः पदरात. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, हे आगाऊ धरा, मटणात फेडा. श्रावणातही माझ्याकडे ट्रकवाले खातात. मी पावती करायला लागलो तर म्हणाल्या, पावती राहू द्या, आधी मधली खोली नीट करा.

त्या पैशातून आम्ही काट्यावरच पैसे द्यायला लागलो. बोकड तोलायचा, वजन मोठ्याने वाचायचं, फळ्यावर लिहायचं आणि संध्याकाळी पाचला रोख. सप्टेंबरच्या बकरी ईदला देखणे बोकड सभासदांनी बाजारात विकले, ते विकूच दिले. ईदचा बोकड रूपावर विकला जातो, किलोवर नाही, तिथे संस्थेने आडवं येऊ नये. नवरात्र संपल्यावर वाडा पुन्हा भरू लागला. आक्कांचे दीड लाख फिटायला चौदा महिने लागले. त्यांची खोली तोवर तशीच राहिली.

पुढची वर्षं बरी गेली. कातड्याचं मात्र दुःख आहे. पूर्वी कातड्याच्या पैशात सोलणाऱ्याची मजुरी निघायची, आता मिठाचा खर्चही निघत नाही, आणि चाचांनी शिकवलेली ती मूठ कुणाला दाखवायची असं होतं. चाचा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची झिजलेली सुरी ऑफिसच्या कपाटात आहे. ठोकळा फाटकाशीच आहे.

आज आमचे 112 सभासद आहेत. मागच्या हिवाळ्यात त्याच व्यापाऱ्याचा माणूस आला. त्यांना मुंबईच्या एका ऑर्डरसाठी परवानाधारक ठिकाणी कापलेला आणि नीट थंड केलेला माल हवा होता, म्हणून 20 बोकड मजुरीवर कापून द्याल का, असं विचारत होता. मंडळात ठराव आला. मी विरोधात हात वर केला आणि तो इतिवृत्तात नोंदवायला लावला. ठराव मंजूर झाला. त्याचे बोकड आले, डॉक्टरांनी ते तपासले, 24 तास ते वाड्यात राहिले, आमच्या काट्यावर चढले. व्यापारी स्वतः काट्यापाशी उभा राहून प्रत्येक वजन वहीत उतरवत होता. पोरांनी त्याला चहा दिला. मी दिला नाही.