ठिपके नका बघू, शेपूट बघा

मामाच्या उसाच्या बांधावर लावलेल्या ट्रॅप कॅमेऱ्यात परवा एक मांजरासारखं काहीतरी आलं आणि फोटो गावाच्या ग्रुपवर गेला, मग काय, जुन्नर भागात ठिपकेवालं काहीही दिसलं की ते बिबट्याचं पिल्लूच असतं. मामाने रात्रीची मोटर चालू करायला जाणं बंद केलं आणि मला फोन, "बघ जरा काय आहे ते, मजूर यायला तयार नाहीत."

एकूण तीनच फ्रेम, त्यातली एक धुरकट. रात्रीचे फोटो इन्फ्रारेडवर येतात म्हणजे सगळं काळं पांढरं, तांबूस रंग करडा होऊन जातो आणि फिके ठिपके अर्धे गायब होतात, त्यामुळे ठिपक्यांवरून भांडणाऱ्यांना मी आधी गप्प बसवतो. पहिलं काम म्हणजे साइज. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, त्याच फ्रेममधली ओळखीची वस्तू शोधायची. इथे नशिबाने चार इंची पीव्हीसी पाईप आडवी पडलेली होती आणि हा प्राणी अगदी तिला खेटून चालला होता. पाठ दोन पाईप एकावर एक ठेवल्या तर होईल तेवढीच. रानमांजर यापेक्षा बरंच उंच, लांब तंगड्यांचं असतं आणि त्याची शेपूट आखूड, टोकाला काळी वळी. ते बाद.

जवादी मांजर म्हणावं तर तोंड निमुळतं हवं, शेपटीवर ठळक पट्टे हवेत. इथे तोंड गोल, चक्क मांजराचं. बिबट्याचं एवढं लहान पिल्लू एकटं बांधावरून आरामात चालत जाणं तसं अवघडच, त्यात त्याचे पंजे अंगाच्या मानाने मोठे आणि शेपूट जाड दोरखंडासारखी असते, ही तर बारीक आणि अंगाच्या निम्मी. शेवटी दोनच उरल्या, लेपर्ड कॅट (नावात लेपर्ड असलं तरी बिबट्या नव्हे, ठिपक्यांचं लहान रानटी मांजर) आणि वाघाटी म्हणजे रस्टी स्पॉटेड कॅट. लेपर्ड कॅटच्या शेपटीवर ठिपके असतात, कानामागे काळ्यावर पांढरा डाग असतो. दुसऱ्या फ्रेममध्ये ती पाठमोरी आहे, झूम करून बघितलं, डाग नाही, शेपूटही साधी. कपाळावरून मागे जाणाऱ्या गडद रेघा तेवढ्या दिसतात.

तर वाघाटी! जगातल्या सगळ्यात लहान रानटी मांजरांपैकी एक, वजन साधारण एक ते दीड किलो, भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून कुठेच नाही. पश्चिम महाराष्ट्रात ती शेतात पिल्लंही घालते, कारण उंदीर भरपूर. मला तर हे वाघ बघण्यापेक्षा भारी वाटतं, पण ते मामाला सांगून उपयोग नाही, त्याला एवढंच हवं होतं की माणसाला काही करत नाही ना. नाही करत. उलट उंदीर मारते म्हटल्यावर आवाज जरा बदलला.

आता ऊसतोड सुरू होईल, तेव्हा सरीत पिल्लं सापडली तर उचलून घरी आणू नका आणि हातात धरून फोटो तर अजिबात नको, वनविभागाला फोन करा आणि तेवढा कोपरा तोडायचा थांबवा, आई बहुतेक वेळा रात्री येऊन घेऊन जाते. वाघाटी वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत. हेच सगळं ग्रुपवर टाकलंय, त्यावर पहिला रिप्लाय आला, "पण चित्ता पण असू शकतो ना?"