दातदुखीसाठी ४१ दिवस?

फाईलवर लाल पेनाने लिहिलेलं ते वाक्य मला अजून पाठ आहे. "आजार दातदुखीचा दिसून येतो, सबब ४१ दिवसांच्या रजेचे समर्थन होत नाही." खाली रेघ, तारीख, सही. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी २३ वर्षं झाली. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं गाव, माझ्याकडे तिसरीचा वर्ग. इतक्या वर्षांत बाळंतपणं सोडली तर लांब रजा मी कधी टाकली नाही. त्यामुळे त्या वाक्याचा आलेला राग आज लिहितानासुद्धा उतरलेला नाही.

दुखणं काय होतं ते आधी सांगते. वर्गात सातचा पाढा म्हणून घेत होते. 'सात पंचे'मधला 'प' म्हणताना ओठ मिटले आणि उजव्या नाकपुडीपासून खालच्या दाढांपर्यंत झटका गेला. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरला ओला हात लागल्यावर बसतो ना, तसाच. अर्धा मिनिटही टिकला नाही. गेला तो असा गेला की आत्ता काही झालं होतं हे मलाच खरं वाटेना. पोरं माझ्याकडे बघत राहिली. पंधरा दिवसांत असे झटके दिवसाला तीस-चाळीसवर गेले. ब्रश केला की झटका, तोंड धुतलं की झटका, एसटीच्या खिडकीतून वारं आलं की झटका, पदर गालाला लागला तरी झटका. जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली भाकरी, तीही डाव्या बाजूने.

दुखणं दाढेत वाटतं म्हणून मी दाताच्या दवाखान्यात गेले. रूट कॅनॉल झालं, मग एक दाढ काढली, मग शेजारची. भूल उतरली आणि झटका परत आला, ज्या जागी आता दाढच नव्हती तिथे. तेव्हा आमचे मिस्टर म्हणाले, सोलापूरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू. डॉक्टरांनी पाच मिनिटं ऐकलं, कापसाच्या बोळ्याने गाल तपासला आणि सांगितलं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची जाणीव मेंदूकडे नेणारा पाचव्या क्रमांकाचा मज्जातंतू असतो, त्याच्या तीन फांद्या, कपाळाला, गालाला, जबड्याला. बऱ्याच जणांत मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी त्याला चिकटलेली असते. तिचे ठोके लागून लागून मज्जातंतूवरचं आवरण झिजतं आणि साधा स्पर्शही कळ होऊन पोचतो. माझ्या एमआरआयमध्ये ती रक्तवाहिनी दिसली. कार्बामाझेपिन सुरू झालं, थोड्या डोसपासून हळूहळू वाढवत. तिसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा पूर्ण चेहरा पाण्याने धुतला.

हे सगळं एका पानात मावलं. आता त्या फाईलचं सांगते.

माझी रजा सलग ४१ दिवसांची. पहिले १६ दिवस दाताच्या डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर, पुढचे २५ दिवस सोलापूरच्या. अर्धपगारी रजा भरपूर शिल्लक होती, तीच वैद्यकीय कारणासाठी परिवर्तित करून मागितली. म्हणजे पगार पूर्ण मिळतो आणि खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. त्यात कुणाचं काही जात नव्हतं. मुख्याध्यापकांनी शिफारस केली, केंद्रप्रमुखांची सही झाली, प्रस्ताव तालुक्याला गेला. दीड महिन्याने परत आला तो वरच्या लाल वाक्यासह. तोवर त्या दिवसांचा पगार थांबलेला.

मी ऑफिसला गेले. आस्थापनेच्या टेबलवरचे साहेब वाईट बोलले नाहीत, हे आधी सांगते. पण ऐकलंही नाही. म्हणाले, "मॅडम, एका सर्टिफिकेटवर दाढ काढली असं आहे, दुसरं मेंदूच्या डॉक्टरचं. दाढेचा अन् मेंदूचा काय संबंध? दोन आजार आहेत तर दोन प्रस्ताव करा." मी दोन प्रस्ताव केले. पुन्हा शिफारस, पुन्हा सही, पुन्हा सगळ्या झेरॉक्स. महिन्याने दोन्ही परत. आता त्रुटी वेगळी होती: "पहिल्या आजारातून बरे झाल्याचे फिटनेस प्रमाणपत्र जोडलेले नाही. रुजू न होता दुसरी रजा कशी घेतली, खुलासा करावा."

मी ते पत्र घेऊन एसटी स्टँडवर बाकड्यावर बसून राहिले. बरी झालेच नव्हते तर बरी झाल्याचं सर्टिफिकेट कुठून आणू? दाढ काढली ती चुकून काढली. आजार पहिल्या दिवसापासून एकच होता, फक्त त्याचं नाव सोळा दिवस उशिरा कळलं. एवढी एक गोष्ट तीन कागदांत मावत नव्हती.

तिसऱ्या वेळी गेले तेव्हा डोकं शांत ठेवायचं ठरवूनच गेले होते. जानेवारीची थंडी, तरी टेबलच्या वर पंखा चालू. मी उभ्या-उभ्या समजावत होते आणि 'पहिल्यापासून' हा शब्द अर्धा राहिला. झटका आला. एकामागून एक तीन आले. मी टेबलची कड धरली, डोळे मिटले गेले, उजव्या डोळ्यातून पाणी आलं. ते म्हणाले, "मॅडम, रडू नका हो, नियमाचं बोला." मागे रांगेत आमच्याच केंद्रातले दोन शिक्षक उभे होते. मला तोंड उघडता येत नव्हतं. टेबलवर एक पाठकोरा कागद पडला होता, त्यावर मी लिहिलं: मी रडत नाही. हाच तो आजार. त्यांनी वाचलं, "बरं" म्हणाले आणि कागद माझ्याच फाईलखाली सारला. फाईल जिथे होती तिथेच राहिली.

घरी येऊन कुणाशी बोलले नाही. तेवढ्यात गावात दुसरंच पसरलं होतं. कार्बामाझेपिन ही फिटसाठीही वापरतात ती गोळी. मेडिकलवाल्याकडून कुणी ऐकलं आणि 'बाईंना फिट येतात' असं झालं. एका पालकाने पोरीचा वर्ग बदलता येईल का, असं मुख्याध्यापकांना विचारलं. त्या आठवड्यात रात्री-अपरात्री मनात नको ते विचार येऊन गेले. ज्यांना असे विचार येतात त्यांनी १४४१६ वर फोन लावावा, टेली-मानस म्हणून सरकारची फुकट सेवा आहे, मराठीत बोलतात. मला तेव्हा हे माहीत नव्हतं.

पुढच्या तपासणीला सोलापूरला गेले. दवाखान्याच्या बाकावर मी मफलर गालाभोवती गुंडाळून बसले होते, चहा बशीत ओतून डाव्या कोपऱ्यातून घेत होते. समोरचे एक वयस्कर गृहस्थ बघत होते. पांढरा सदरा, कानाला रुमाल बांधलेला. ते उठून शेजारी बसले.

"उजवीकडं हाय का?"

मी मान हलवली.

"बोलू नका. नुस्ती मान हलवा, मी इचारतो. वारं लागल्यावर? ब्रशानं? दाढ काढली का? किती, दोन? माजी तीन काढली."

या आजारात माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. घरचे, डॉक्टर, साहेब, सगळे मलाच बोलायला लावत होते. या माणसाला माहीत होतं की बोलणंच दुखतं. मी पाच-सात वेळा मान हलवली आणि माझं सगळं त्यांना कळलं. निलंग्याकडचे, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. सगळे त्यांना मामा म्हणतात. थांब्यांची नावं ओरडायची नोकरी आणि ओरडलं की झटका. शेवटची दोन वर्षं त्यांनी शिट्टी आणि घंटीवर काढली.

फाईलचं मी कागदावर लिहून दाखवलं. ते वाचून ते म्हणाले, "माजंबी डेपोत असंच अडकलं होतं. तुमी खुलासा करू नका, डागदरला करू द्या." मग त्यांनी सांगितलं ते असं: न्यूरोलॉजिस्टकडून एक पत्र घ्यायचं. त्यात आधीचे दातांचे उपचार याच आजाराच्या लक्षणांसाठी झाले, तेव्हा निदान झालेलं नव्हतं, हे लिहायचं. आजार अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सलग आहे, हे तारखांसह हवं. आणि बोलण्याने कळ येते, म्हणून पेशंट शिकवू शकत नव्हती, हे स्पष्ट हवं. आजाराचं इंग्रजी नाव, त्याखाली मराठीत 'चेहऱ्याच्या मज्जातंतूचा आजार'. सोबत एमआरआयच्या रिपोर्टची प्रत. डॉक्टरांनी ते पत्र पाच मिनिटांत लिहून दिलं. चार महिने मी जे सांगत होते ते सहा ओळींत मावलं, कारण ते कुणीतरी दुसऱ्याने लिहिलं होतं.

एकच प्रस्ताव, सलग ४१ दिवस, वर ते पत्र. या वेळी आवक क्रमांक माझ्या प्रतीवर टाकून घेतला. ही गोष्ट पहिल्याच दिवशी करा; माझी एक फाईल 'आलीच नाही' म्हणून तीन आठवडे सापडत नव्हती. रजा मंजूर झाली. पगार पुरवणी बिलात निघाला, तोही दोन महिन्यांनी. सेवापुस्तकात नोंद झाली का हे मी स्वतः पान उघडून बघितलं. तुम्हीही बघा. एकूण सात महिने आणि ऑफिसच्या आठ चकरा. मंजुरीचं पत्र हातात आलं तेव्हा पहिला फोन मामांना केला. मिस्टरांना नंतर.

मामांमुळे बाकीचे भेटले. उमरग्याची एक ताई, शिवणकाम करते. तिची सवय दोरा दातांनी तोडायची, आणि प्रत्येक टाक्यानंतर झटका. मशीनशेजारी छोटी कात्री दोरीला बांधून ठेव, हे तिला आमच्यातल्याच एका आजींनी सुचवलं. औशाचे एक हळदीचे व्यापारी, उदगीरचे एक तरुण वकील. आता आम्ही सहा आहोत. महिन्याच्या एका रविवारी लातूरला गंजगोलाईजवळ वकिलांच्या बहिणीच्या घरी जमतो. बोलायची सक्ती नाही, मध्ये पाटी-पेन्सिल ठेवलेली असते. कुणाची गोळी वाढली, कुणाला गुंगी येते, कुणाला महिनोन्महिने झटकाच आला नाही, हे सांगायचं. हा आजार असा मधेच दडून बसतो, आणि दडला म्हणून एकदम गोळी बंद केली की पस्तावायची वेळ येते. डॉक्टरांना विचारूनच कमी करायची. गोळी सुरू असताना रक्तातलं सोडियम तपासून घ्या. आमच्या आजींचं खूप खाली गेलं होतं आणि घरचे म्हणत होते, वयामुळे विसरतात. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सुरुवातीला झोप फार येते, स्कूटी चालवू नका. नेहमीच्या पेनकिलरने यात काही होत नाही, पैसे घालवू नका. आणि मुख्य म्हणजे दात हलत नाही, किडलेला नाही, एक्स-रेत काही नाही आणि झटका मात्र विजेसारखा, तर दाढ काढण्याआधी न्यूरोलॉजिस्टला दाखवा. माझ्या दोन, मामांच्या तीन, ताईची एक. आम्ही तिघांनी मिळून सहा चांगल्या दाढा दिल्या आहेत.

गावातली फिटची अफवा वकिलांच्या युक्तीने मिटली. ते म्हणाले, सलमान खानने स्वतः जाहीरपणे सांगितलेला आजार आहे हा, तेवढं सांगा. पालकसभेत मी ते सांगितलं. ती पोरगी माझ्याच वर्गात राहिली आणि आता पाढे तीच म्हणून घेते. मी फळ्यावर लिहिते.

गेल्या येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, मामांनी सगळ्यांना शेतात बोलावलं. मला जावं की नाही असं झालं होतं. उघडं रान, थंड वारं, आणि आंबील. थंड काही दातांना लागलं तरी आमचं काम होतं. कडब्याच्या कोपीच्या आडोशाला मामींनी आम्हा सहा जणांची वेगळी पंगत धरली. भज्जी मऊ घोटलेली, उंडे कुस्करलेले. बिंदगीतली आंबील सगळ्यांना तशीच वाढली आणि आमच्यासाठी चुलीवर कोमट करून सहा तांबे बाजूला ठेवलेले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. दहा वर्षं मामांना जेवताना बघून त्यांना ते ठाऊक होतं. आजी तांब्याला हात लावून बघत राहिल्या आणि मग दोनदा मागून प्यायल्या.

उमरग्याच्या ताईला आता गोळी पुरत नाही. पुढच्या महिन्यात तिचं हैदराबादला ऑपरेशन आहे. कानामागून कवटीला छोटं छिद्र पाडून रक्तवाहिनी आणि मज्जातंतू यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बारीक तुकडा ठेवतात. ती घाबरली आहे. रोज रात्री नऊला मी तिला फोन लावते. तिला बोलवत नाही त्या दिवशी ती फोनवर बोटाने टकटक करते, एकदा म्हणजे बरं आहे, दोनदा म्हणजे नाही. काल एकदाच वाजलं.