आमची वाटचाल: दुसरा डायव्हर पाण्यात उतरला तेव्हापासून

सुरुवातीला आम्ही पाण्याखालचे टॉर्चच रिपेअर करायचो, सील बदल, गंजलेलं सर्किट काढ, एवढंच. मग एका कस्टमरने सहज विचारलं की उजेड जातोच आहे तर त्यातून डेटा पण जाईल की. खाऱ्या पाण्यात वायफाय काही सेंटीमीटरमध्येच मरतं, आवाज लांब जातो पण सेकंदाला जेमतेम १५०० मीटर आणि डेटा अगदी थोडा, म्हणून आम्ही निळ्या एलईडीच्या मागे लागलो. (पांढरा एलईडी आधी वापरून बघितला, त्याचा फॉस्फर, म्हणजे निळ्याला पांढरं करणारा लेप, इतका सुस्त की नाद सोडला.)

एकास एक लिंक टाकीत मस्त चालली. आम्ही खुश.

मग डेमोला दुसरा डायव्हर उतरला आणि सगळा चुथडा झाला. दोघांचा उजेड एकाच फोटोडायोडवर (उजेड पकडणारा सेन्सर) पडतो, कोण काय बोलतंय कळेना. म्हटलं एकाला निळा देऊ, एकाला हिरवा, पण किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात निळा लवकर संपतो आणि हिरवा तग धरतो, म्हणजे निळावाला कायम रडत. मग प्रत्येकाच्या सिग्नलला वेगळा कोड दिला, म्हणजे सगळे एकदम बोलले तरी कोण कुठला ते वेगळं काढता यावं. कागदावर भारी होतं, पण एक डायव्हर ३ मीटरवर आणि दुसरा १५ वर असला की नुसत्या उजेडाच्या पसरण्यानेच २५ पट फरक पडतो, पाणी शोषतं ते वेगळंच, त्यामुळे जवळचा लांबच्याला गिळून टाकायचा.

शेवटी सरळ पाळ्या लावल्या, प्रत्येकाला आपला टाइम स्लॉट. आवाजाच्या मोडेममध्ये हे महागात पडतं, कारण २० मीटर जायला १३ मिलिसेकंद लागतात आणि तेवढी जागा दर पाळीमागे मोकळी सोडावी लागते, उजेडाला तेच अंतर ९० नॅनोसेकंद, म्हणजे मोकळी जागा जवळपास नाहीच. हे आधी का सुचलं नाही म्हणून आम्ही स्वतःलाच शिव्या घातल्या. निळा-हिरवा पण वाया नाही गेला, हबकडून (सगळे डायव्हर ज्याच्याशी बोलतात तो मधला डबा) निळा, डायव्हरकडून हिरवा आणि रिसीव्हरवर फिल्टर, नाहीतर पाण्यातल्या कणांवरून परत आलेला आपलाच उजेड आपल्याला आंधळं करतो. हिरवा गढूळ पाण्यात तग धरतो म्हणून मुद्दाम डायव्हरकडे, त्याची बॅटरी छोटी ना.

डायव्हरने पाठ फिरवली की लिंक तुटायची, म्हणून हबवर चारी बाजूंनी एलईडी लावले. उन्हाचा त्रास मात्र उथळ पाण्यात अजून आहे, भर दुपारी रेंज दिसण्याइतकी घटते. आणि बंदरासारख्या घाण पाण्यात २ मीटरवर शेकडा १ च्या आसपासच उजेड पोचतो, तिथे आम्ही कस्टमरला सरळ सांगतो की केबल टाका. सेल जातो, जाऊ दे.

सध्या एका हबवर चार डायव्हर नीट चालतात. काचेवर शेवाळ धरतं म्हणून आता प्रत्येक बॉक्समध्ये एक ब्रश टाकतो, आणि सपोर्टचे निम्मे फोन त्या ब्रशनेच कमी केले.